नोडशिवाय चाललंय, आणि छान चाललंय

ओझरजवळच्या एका कृषी सेवा केंद्राची साइट मी सांभाळते. ड्रिपच्या नळ्या, क्रेट, छाटणीच्या कात्र्या, दोऱ्या असा सगळा माल. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर मालकांचा, म्हणजे दादांचा, फोन येतो, "ताई, तेवढे नवे भाव आणि बॅनर टाकून द्या." मग पुढच्या हंगामापर्यंत त्या कोडकडे कुणी ढुंकून बघत नाही.

अशा कामाला वेबपॅक (साइटच्या फाइली जुळवून बांधणारं साधन) आणि त्यामागचं नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या पॅकेजांचं, लटांबर परवडत नाही. रोज हात लागणाऱ्या प्रोजेक्टचं ठीक आहे. पण वर्षभर झाकून ठेवलेला उघडावा तर नोडची आवृत्ती पुढे गेलेली, सासचं (सीएसएस, म्हणजे पानाच्या रूपाचे नियम, सोपे लिहायची भाषा) कुठलंसं पॅकेज इन्स्टॉलच होत नाही, आणि एका बॅनरपायी अख्खी दुपार जाते. त्याचं बिल दादांना कोणत्या तोंडाने लावायचं?

म्हणून इथे साधं रेल्स 8 (रुबी भाषेतली वेबसाइट बांधायची चौकट) आहे. त्यात चित्रं, सीएसएस अशा फाइली पुरवणारं प्रॉपशाफ्ट आपसूकच येतं. ते काहीही कंपाइल करत नाही. फाइलच्या मजकुरावरून एक हॅश (मजकूर बदलला की बदलणारी खूण) काढून नावाला जोडतं आणि सीएसएसमधल्या चित्रांचे पत्तेही तसे बदलून देतं. बस्स. बॅनर बदलला की नाव बदलतं, त्यामुळे ब्राउझरला फाइल वर्षभर कॅशे करायला, म्हणजे साठवून ठेवायला, सांगितलं तरी "ताई, मला जुनंच दिसतंय" हा फोन येत नाही. जावास्क्रिप्ट थोडंच आहे, ते इम्पोर्ट मॅपवर (कोणता कोड कुठल्या फाइलीत, हे ब्राउझरला सांगणारी यादी) चालतं. मार्च 2023 मध्ये सफारी 16.4 आल्यापासून सगळे मोठे ब्राउझर ते ओळखतात. मिनिफाय, म्हणजे कोडमधल्या मोकळ्या जागा काढून फाइल लहान, करत नाही. सर्व्हरवर फाइली दाबून पाठवणारं जीझिप असलं की एवढ्याशा फाइलींत फरक जाणवत नाही.

सासची आठवण फक्त नेस्टिंगपुरती (एका नियमाच्या पोटात दुसरा लिहिणं) यायची. आता तेही ब्राउझरमध्येच आहे, पण मी वापरत नाही. नेस्टिंगची पूर्ण मोकळीक क्रोममध्ये 120व्या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर 2023 मध्ये आली, आणि बांधावर उभं राहून साइट उघडणाऱ्याचा फोन त्याहून जुना असू शकतो. रंग आणि अंतरं सीएसएस व्हेरिएबलमध्ये, बाकी सपाट क्लास.

खरा जीव जातो तो फॉन्टवर. एक टाइपचा 'मुक्ता' घेतलाय, त्यातली दोनच वजनं, वॉफ2 या वेबसाठीच्या आटोपशीर स्वरूपात, आपल्याच सर्व्हरवरून. देवनागरीची फाइल वेगळी काढून युनिकोड-रेंज, म्हणजे ही फाइल कोणत्या अक्षर-क्रमांकांसाठी याची यादी, लावली. इथे नुसता 0900 ते 097एफ हा पट्टा देऊन भागत नाही. रुपयाचं चिन्ह 20बी9 वर आहे, ते राहिलं तर भावाच्या कोष्टकात आकडे एका फॉन्टमध्ये आणि ₹ भलत्याच. शिवाय दादांच्या एक्सेलमध्ये 'दोऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप झालेलं असतं; एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. हा जॉइनर सबसेटमधून, म्हणजे कापून काढलेल्या फॉन्टमधून, गळला तर आपल्या ऱ्याचा रफार व्हायची भीती. म्हणून 200सी (नॉन-जॉइनर) आणि 200डी (हा जॉइनर) दोन्ही यादीत घालायचेच. आणि ही फाइल एकदाच बनवायची, रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, टाकायची. दर डिप्लॉयला (साइट सर्व्हरवर चढवताना) फॉन्ट कापत बसायचं कशाला?

मोठा डॅशबोर्ड, टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचं कडक रूप), चार जणांची टीम असेल तर मीही व्हीट हे नोडवरचं बांधणीचं साधन घेते. तिथे हा हट्ट धरत नाही.

सध्या दादांना मुखपृष्ठावर सरकती चित्रं हवी आहेत. स्क्रोल-स्नॅपवर, म्हणजे सरकवलं की चित्र जागेवर थांबवणाऱ्या सीएसएसवर, काम होतंय. बाजूला बाण हवेत म्हणाले, तर थोडं जावास्क्रिप्ट लिहीन.