अंबाझरीचे आकाश आणि काळवंडलेला काठ : माझा अनुभव

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधावरून पश्चिमेकडे सूर्यास्त टिपताना आकाशाचे रंग नीट यावेत असे पाहिले, तर काठावरची झाडे आणि समोरचे दगड काळे पडतात. आणि दगड दिसतील इतका प्रकाश घेतला, तर आकाश पांढरेफटक होते. मी आकाश सांभाळून रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, छायाचित्रे घेतली होती. सावलीतला तपशील नंतर वर काढता येतो, मात्र पुरता जळून गेलेल्या पांढऱ्या भागात परत मिळवण्यासारखे काहीच उरत नाही. शिवाय जेपीईजी या नेहमीच्या दाबलेल्या स्वरूपात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४, त्यामुळे सावल्या उजळल्या तरी रंग फाटत नाहीत.

डार्कटेबल या रॉ फाइली हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच फाइलच्या दोन प्रती केल्या, एक आकाशासाठी आणि दुसरी जमिनीसाठी २ स्टॉप (म्हणजे चौपट) उजळ. गिम्प या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही प्रती लेअर, म्हणजे एकावर एक थर, म्हणून ठेवल्या; उजळ प्रत वर ठेवून तिला लेअर मास्क, म्हणजे थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा, जोडला. मास्क पांढरा असेल तेथे वरची प्रत दिसते, काळा असेल तेथे खालची. मास्कवर क्षितिजापाशी ग्रेडियंट, म्हणजे काळ्यातून पांढऱ्यात हळूहळू जाणारी छटा, ओढणे हा सर्वांत सोपा मार्ग. पण अंबाझरीच्या काठावर झाडांचे शेंडे आकाशात घुसलेले असल्याने बुंधे उजळ आणि शेंडे काळे असे विचित्र दृश्य तयार होते.

म्हणून छायाचित्राच्याच उजेडावरून मास्क घेतला. मास्क जोडताना लेअरची करड्या छटांतली प्रत निवडून ती उलटी केली, की उजळ आकाश आपोआप झाकले जाते आणि गडद झाडे उघडी राहतात. पानांच्या फटींतून दिसणारे आकाशाचे बारीक ठिपकेसुद्धा नारिंगीच राहिले, जे हाताने ब्रश फिरवून कधीच साधले नसते. मास्क तसाच ठेवला तर चित्र सपाट दिसते, म्हणून त्याला गॉसियन ब्लर देऊन तो धूसर केला. ब्लर जास्त झाला, की झाडांभोवती उजळ कडा उमटते. झाडे पडद्यावर १०० टक्के झूम करून पाहत, कडा दिसेनाशी होईपर्यंत ब्लर कमी करत आणला.

सर्वाधिक वेळ पाण्याने घेतला. प्रतिबिंब नेहमी मूळ आकाशापेक्षा किंचित गडद असते, आणि ते आकाशाहून उजळ झाले, की छायाचित्र कृत्रिम वाटू लागते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यामुळे पाण्यावरचा मास्क मऊ काळ्या ब्रशने हलकेच दाबला, उजळ लेअरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ७० टक्क्यांवर आणली आणि दगड थोडे अंधारातच राहू दिले.