ग्राइंडर उघडला

आजची दुपार अँगल ग्राइंडरने (धातू कापायचं-घासायचं हातातलं मशीन) खाल्ली. आत ठिणग्या जास्तच उडत होत्या. आधी प्लग काढला (नुसतं बटण बंद करून भागत नाही), मग कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे). एक पार झिजलेला, दुसरा बरा. तरी बदलताना जोडीच बदलली. नवे नीट बसेपर्यंत थोड्या ठिणग्या उडणारच.

डिस्कही नवी घातली. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, त्यामुळे डिस्कवर छापलेला वेग मशीनपेक्षा कमी असून चालत नाही. कटिंग डिस्कवर मुदतही असते, कुणी बघतच नाही! गार्ड (डिस्कवरचं संरक्षक कव्हर) काढून काम करणाऱ्यांचं धाडस तर मला कधीच कळलं नाही.

गार्ड, चष्मा, थोडा वेळ मोकळा फिरवला. मस्त चालला.

उद्या ड्रिल. वायर हँडलपाशी चिरलीये. टेप नाही, नवीच घालणार.