हरतालिका, पाणी आणि झोप

२६ ऑगस्ट २०२५, मंगळवार. रात्री पावणेदहा.

बाहेर आरती झाली. बायका आता झिम्म्याला उभ्या राहतील. मी आतल्या खोलीत येऊन वहीत रोजची ओळ भरली: कालची झोप ७ तास, आजचं पाणी ११ पेले, गोळी ९ वाजता. गेली आठ-नऊ वर्षं ही ओळ चुकलेली नाही. आज मात्र तिच्याखाली आणखी लिहावंसं वाटतंय, कारण आज पहिल्यांदा मी हरतालिकेला सगळ्यांच्या देखत पाणी प्यायले.

मला बायपोलर आहे. लोकांना वाटतं, म्हणजे घटकेत हसणारी, घटकेत रडणारी. तसं नसतं ते. माझा चढ, म्हणजे उन्माद, सुरू झाला की आठवडेच्या आठवडे चालतो, आणि उतार, म्हणजे नैराश्य, महिनोन्‌महिने हलत नाही. मध्ये कित्येक महिने, आता तर वर्षं, मी चारचौघींसारखीच असते. पतसंस्थेत कॅशला बसते, डबा करते, लेकीशी भांडते.

२०१६ च्या गणपतीत मोठा चढ आला. सोसायटीच्या मखराचं काम माझ्याकडे होतं. रात्री दोन-अडीच तास पडायचे आणि ताजीतवानी उठायचे. झोप येत नव्हती असं नाही, झोपेची गरजच वाटत नव्हती. ज्याला झोप लागत नाही तो सकाळी पिळून काढल्यासारखा असतो. मी पहाटे तीनला थर्माकोल कापत गाणी म्हणत होते. सगळे म्हणायचे, काय उत्साह आहे हिचा! मग डोक्यात आलं की गौरीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीला साडी द्यायची. लेकीच्या नावची ठेव मोडून ३४ साड्या आणल्या, सगळ्या एकसारख्या, आंबा रंग आणि हिरवा काठ. यांनी विचारलं तर मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. गौरीच्या दिवशी माझी बडबड थांबेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, अंगात आलंय. एक बाई माझ्या पाया पडली. आणि मला ते रास्तच वाटलं. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्या क्षणी मी आजारी आहे हे कळण्याची माझ्याकडे काही सोयच नव्हती. ज्या डोक्याने ते कळायचं, तेच डोकं आजारी होतं.

दवाखान्यात भरती केलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आईंना आणि यांना समोर बसवून विचारलं, “याआधी कधी झोप कमी आणि उत्साह जास्त, असे दिवस गेलेत का?” गेले होते. कॉलेजात एकदा, लग्नाआधी एकदा. २००८ ला बाळंतपणानंतर मी खचले होते, तेव्हापासून अधूनमधून नैराश्याच्या गोळ्या चालू असायच्या, त्या वर्षीही होत्या. पण हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. मीही सांगितलं नव्हतं. बरे दिवस डॉक्टरला कोण सांगतं? बायपोलर असलेल्या माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर ती त्याला उन्मादाकडे ढकलू शकते, हे मला तेव्हा कळलं. म्हणून कुणी नैराश्यासाठी डॉक्टरांकडे निघालं की मी मागे लागून सांगते, रडण्याच्या दिवसांबरोबर उधाणाचे दिवसही सांग, आणि घरातलं कुणीतरी सोबत ने.

चढानंतर उतार आला. ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली, पतसंस्थेच्या दारात रांगा लागल्या, सहकाऱ्यांना मान वर करायला फुरसत नव्हती, आणि मी घरी भिंतीकडे तोंड करून पडलेली. एका सकाळी आठ वर्षांची लेक कंगवा आणि दोन लाल रिबिनी घेऊन पलंगाशी उभी राहिली. मला हात उचलता येईना. दुखत नव्हता हात. उचलायचा आहे हे माहीत होतं, तरी तो उचलला जात नव्हता. ती पाच-सात मिनिटं थांबली, मग केस तसेच सोडून शाळेत गेली. संध्याकाळी डायरीत शेरा आला, ‘केस बांधून पाठवावे’. दुसऱ्या दिवशी यांनी वेणी घालायला घेतली. पहिल्या वेण्या नुसत्या पिळासारख्या व्हायच्या. आता ती सतरा वर्षांची आहे, केस कापून टाकलेत, पण तो शेरा माझ्या डोळ्यांपुढून गेलेला नाही.

मला सावरलं ते लिथियमने. लिथियमची गोळी म्हणजे साधा क्षार, त्यातलं लिथियम दगडात आणि झऱ्याच्या पाण्यात सापडतं. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग होतो हे मांडलं. इतका जुना उपाय, आणि आजही पहिल्या फळीतला. पण तो फार मापात लागतो. माझ्या रक्तात तो ०.६ ते १.० च्या दरम्यान असावा लागतो. दीडच्या वर गेला की उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं, आणि आणखी वाढला तर जिवावर बेततं. म्हणून दर तीन महिन्यांनी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. शिवाय किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्या. हात बारीक थरथरतात. नोटा मोजताना गिऱ्हाईक विचारतं, “मॅडम, बरं नाही का?” आता मी मशीनवर मोजते.

आणि इथेच हरतालिका येते. किडनीला लिथियम आणि मीठ यांच्यात फारसा फरक कळत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ती मीठ धरून ठेवते, त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. म्हणजे गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण वर. जुलाब झाले, उन्हात फिरले, अंगदुखीला मनाने आयबुप्रोफेन घेतली, तरी तेच. निर्जळी उपास मला चालत नाही तो यामुळे. आणि रात्रीचं जागरण तर माझ्यासाठी उघडं दारच. झोप मोडली की चढ आत येतो.

तरी मी इतकी वर्षं हे व्रत ‘केलं’. न्हाणीघरात कडी लावून पाणी प्यायचं आणि कोरड्या ओठांनी बाहेर यायचं. रात्री डोकं दुखतंय सांगून आत जायचं. देवीसमोर खोटं बोलतेय ही टोचणी वर्षभर पुरायची.

आज सकाळी आई वाळूची पिंड करायला बसल्या होत्या. मी पत्री निवडत होते. म्हटलं, “आई, मी यंदा पाणी पिणार आहे. आणि दहाला झोपणार. जागरणाला बसणार नाही.”

त्यांचे हात थांबले. “वर्षातला एक दिवस गं,” म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. त्यांना लागलं होतं, आणि ते मला दिसत होतं. मीही बोलून चूक केली का, असं वाटायला लागलं. पिंडीला हात फिरवत त्यांनी विचारलं, “मीठ चालतं ना तुला?” म्हटलं, “चालतं नव्हे, लागतं.” दुपारी माझ्यापुढे मीठ घातलेलं ताक ठेवलं आणि काही न बोलता गेल्या.

संध्याकाळी हॉल भरला. शेजारच्या काकू त्याच साडीत आल्या होत्या, आंबा रंग, हिरवा काठ. दुकानाने त्या परत घेतल्या नव्हत्या. दिवाणात पडलेल्या त्या ३४ साड्या आईंनी इतक्या वर्षांत एकेक करून ओटीत घालून संपवत आणल्या आहेत. आता आठ उरल्यात. एवढी वर्षं ती साडी कुणाच्या अंगावर दिसली की मी नजर फिरवायचे. आज काकूंचा पदर नीट करून दिला.

मी उठले तेव्हा कुणीतरी हात धरला, “अगं, कुठे निघालीस, आत्ता तर सुरुवात!” मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, “तिला रात्रीचं औषध असतं, झोप मोडून चालत नाही. डोक्याचा आजार आहे तिला. बसा तुम्ही.” इतक्या वर्षांत त्यांनी हे चार माणसांत कधी म्हटलं नव्हतं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग झिम्म्याची टाळी पडली.

पाणी भरायला स्वयंपाकघरात गेले तर एक जण मागोमाग आली. भाच्याबद्दल हळूच विचारलं, तोही रात्र रात्र जागतो, कर्ज काढून गाडी घेतलीय, हल्ली कुणाचं ऐकत नाही. तिला मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायला सांगितलं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. फोन मोफत आहे, मराठीत बोलतात. चिठ्ठी तिने ब्लाउजमध्ये सरकवली.

दहा वाजले. फुगडीचे पाय जमिनीवर आपटतायत, इथवर कळतंय. जावंसं फार वाटतंय. तांब्या उशाशी आहे. दिवा घालवते.

२७ ऑगस्ट. पहाटे साडेपाच.

झोप ७ तास. आई रात्रभर जाग्या, डोळे लाल झालेत. पिंड विसर्जनाला कृष्णेवर निघाल्यात, पाटीत वाळू आणि पत्री भरून ठेवलीय. पाटी जड आहे, मी घेते म्हटलंय.