टेटूला शेंग धरली

कोल्हापूर शहराच्या कडेला एका खडकाळ उतारावर आमची वनबाग आहे. राधानगरी, गगनबावडा या भागातल्या जंगलांत आढळणारी दुर्मिळ झाडंझुडपं इथं जमवून लावली आहेत. मी त्यांची देखभाल करते आणि ऋतुनोंदी ठेवते. पालवी कधी फुटली, कळी कधी दिसली, फूल उमललं का, फळ धरलं का. होळीच्या सुमारास कौशीच्या निष्पर्ण फांद्यांवर नारिंगी-लाल फुलांचे घोस लागतात. अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी झाकून जातात. पावसात नरक्या फुलला की तो दिसायच्या आधी वासानं कळतो.

नोंदवहीतल्या टेटूच्या पानावर मात्र दर पावसाळ्यात तीच ओळ असायची: 'फुलं पडलेली. शेंग नाही.'

टेटू म्हणजे आयुर्वेदातल्या दशमुळातला, म्हणजे दहा औषधी मुळांतला, श्योनाक. बेल, शिवण, पाडळ, ऐरण आणि टेटू ही बृहत् पंचमुळं. औषधाला मूळ लागतं आणि मूळ खणलं की झाड जातं. म्हणून आमचा टेटू मला फार मोलाचा वाटायचा. तो वाढला उत्तम, फुलायचाही भरपूर. पण सकाळी फेरीला जावं तर उमललेलं फूल झाडावर कधीच नसायचं. खाली जाड, मांसल, मळकट तांबूस फुलांचा सडा आणि त्यावर मुंग्या.

"ताई, ह्यो रातचा फुलतोय. सकाळी येऊन काय घावणार?" आमचे माळीमामा एकदा म्हणाले.

ते बरोबरच होतं. टेटू अंधार पडल्यावर उमलतो, त्याचं परागीभवन वटवाघळं करतात आणि पहाट व्हायच्या आत फूल गळून जातं. शिवाय एकाच झाडाचे पराग त्याच झाडाला चालत नाहीत. बागेत टेटू एकच. वटवाघळं येत नसतील, की येऊनही त्यांच्या अंगावर दुसऱ्या झाडाचे पराग नसतील? हे रात्री थांबल्याशिवाय कळणार नव्हतं.

दुसरं झाड मामांनीच हुडकलं, गगनबावडा रस्त्याला कळे गावाच्या पुढं, एका शेताच्या बांधावर. तरण्या पावसानं त्या दिवशी जरा उघडीप दिली होती. दुपारी आम्ही तिथं गेलो. शेतातल्या मावशींना आधी काही पटेना. "मुळी न्यायला आलाय काय? तर हात लावू देणार न्हाई," त्या ठामपणे म्हणाल्या. मला त्यांचा फार आदर वाटला. नुसत्या कळ्या हव्यात म्हटल्यावर त्यांनी स्वतः आकडी आणून दिली. त्या रात्री उमलणार अशा फुगीर कळ्यांचा तुरा देठासकट काढला, बादलीतल्या पाण्यात उभा केला आणि मोटारसायकलवर मामांच्या मागं बसून, बादली मांडीवर धरून बागेत आणला.

टेटूचे तुरे शेंड्याला येतात, त्यामुळे शिडी लावूनही हात पोचत नाही. आमच्या टेटूचा एक तुरा पाण्याच्या टाकीच्या स्लॅबकडे झुकलेला होता, म्हणून हे सगळं शक्य झालं. अंधार पडला तशा कळ्या सैल झाल्या. बादलीतल्याही उमलल्या. बाहेरून तांबूस-जांभळं, आतून फिकट पिवळसर, तोंड एवढं रुंद की वटवाघळाचं डोकं सहज आत जावं. वास उग्र, आंबूस. मला तो त्या रात्री वाईट वाटला नाही.

खरी कसोटी पुढं होती. टेटूच्या स्त्रीकेसराच्या टोकाला दोन चपट्या पाकळ्यांसारखे भाग असतात आणि स्पर्श झाला की ते मिटतात. म्हणजे पहिल्याच स्पर्शात पराग नीट बसायला हवेत. मामांनी बॅटरी धरली. मी कळे गावाकडून आणलेल्या फुलातला परागकोश चिमट्यात धरून आत नेला, टेकवला. डोळ्यांदेखत ते दोन्ही भाग सावकाश एकमेकांवर मिटले. पुस्तकात वाचलेली गोष्ट झाड आपल्या समोर करतं तेव्हा अंगावर काटा येतो. ज्या ज्या फुलाला पराग लावले, त्याच्या देठाला लाल दोरा बांधला.

आणि वटवाघळं आली. बॅटरी बंद करून बसलो होतो. पंखांची फडफड, तुऱ्याला हिसका, क्षणभर लोंबकळणं आणि पसार. पुन्हा पुन्हा. म्हणजे पाहुणे दर वर्षी येत होते, पण आणायला पराग नव्हते. एकेक दुर्मिळ झाड आणून, पाटी लावून संवर्धन होत नाही, हे मला एरवीही माहीत होतं. त्या स्लॅबवर ते दिसलं.

श्रावणात लाल दोऱ्याच्या काही देठांवर हिरव्या पट्ट्या लांबू लागल्या. बिनदोऱ्याच्या एकाही देठावर काही नव्हतं. शेंगा तलवारीसारख्या चपट्या, हातभर वाढल्या, हिवाळ्यात वाळून करड्या झाल्या. उकलायच्या आत आम्ही त्या उतरवल्या, नाहीतर आतलं पारदर्शक पंखांचं बी वाऱ्यानं कुठल्या कुठं गेलं असतं. मामांनी ते पिशव्यांत पेरलं. दोन रोपं मावशींच्या बांधावर गेली, बाकीची बागेत, मोठ्या टेटूपासून अंतर राखून.

आता नोंदवही मी वेगळ्या नजरेनं चाळते आहे. 'फूल आहे, फळ नाही' अशी आणखी कोणती झाडं आहेत? पाडळ एकच आहे. कोकमही एकच आणि तो नर निघाला. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. यंदा मृगात 'कोकण अमृता' या कोकमाच्या जातीची मादी कलमं आणायची ठरलंय आणि मामांनी टाकीखालच्या ओलसर जागेत खड्डे काढून ठेवलेत. पाडळीचं दुसरं झाड कुठं आहे, ते अजून शोधायचंय.