यीस्टमधली कायनेज शोधताना : तिसरा आठवडा

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की ग्लायसीनचा (प्रथिनांच्या अक्षरांत ‘जी’ म्हणजे हे अमिनो आम्ल) नमुना शोधला की कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणारी एन्झाइम, हाती लागतात. शब्द मागे घेते. नमुना असा: जी, मग कोणतंही एक अक्षर, जी, मग कोणतीही दोन, पुन्हा जी. यीस्टच्या सहा हजारांच्या आसपास प्रथिनांवर हे चालवलं आणि नावं आली शेकड्यांनी. त्यात चक्क टीडीएच३! ते तर ग्लुकोज फोडण्याच्या साखळीतलं एन्झाइम. पण त्याच्या सुरुवातीलाच ‘जीएफजीआरआयजी’ आहे. त्याला एनएडी हा मदतनीस रेणू धरायचा असतो, कायनेजला फॉस्फेट देणारं एटीपी. पकड दिसायला सारखी, काम निराळं.

मग उलट्या बाजूने निघाले. कायनेजमधले दोन ठरलेले तुकडे शोधायचे: आधी ‘एचआरडी’, पुढे ‘डीएफजी’. सीडीसी२८ या कायनेजची अक्षरं कागदावर छापली आणि पेन्सिलीने मोजत बसले. रविवार होता, पोहे-जिलबी नुकती आटोपली होती. आत्या डोकावल्या, “शब्दकोडं का गं?” जवळपास तेच म्हणायचं. एचआरडीतल्या डीपासून डीएफजीच्या डीपर्यंत १८ घरं. एसएनएफ१ हे दुसरं कायनेज घेतलं, तिथेही १८! हुरळून जाऊन स्क्रिप्टमध्ये १८ पक्कं करणार होते, पण काही कायनेजमध्ये अधेमधे जादा तुकडे घुसलेले असतात, म्हणून अंतर सैल सोडलं.

तरी टीपीके१, २, ३ गळालीच. ही यीस्टची पीकेए (प्रोटीन कायनेज ए), अगदी नावाजलेली मंडळी. अर्धा तास फाइलवर संशय घेतला. चूक माझीच निघाली. त्यांच्यात एचच्या जागी वाय आहे, ‘वायआरडीएलकेपीईएन’. आता दोन्ही अक्षरं चालतात. आणि हो, मोजल्यावर टीपीके१मध्येही १८च.

यीस्टचा जीनोम १९९६मध्ये वाचून पूर्ण झाला आणि १९९७मध्ये हंटर आणि प्लोमन या संशोधकांनी नेहमीच्या घडणीची ११३ कायनेज मोजली. माझी यादी त्यांच्याशी ताडून बघणं चालू आहे. टीओआर१ आणि टीओआर२ या कायनेजांचं घराणंच वेगळं, ती या चाळणीत अडकणार नाहीत. त्यांना बाजूला ठेवलंय.

यीस्टमध्ये प्राण्यांसारखं टायरोसीन कायनेजांचं, म्हणजे टायरोसीन (अक्षर वाय) या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवणाऱ्यांचं, खास घराणं नाही. तरी स्वी१ नावाचं कायनेज सीडीसी२८च्या १९व्या जागेवरच्या टायरोसीनवर फॉस्फेट चिकटवतं आणि पेशीचं विभाजन रोखतं. कागद पुन्हा काढून मोजलं. १५वं जी, १७वं जी, २०वं जी, आणि मधे १९वं ते वाय. ज्या ग्लायसीनच्या नमुन्याला मी वर नावं ठेवली, त्याच्याच पोटात.