पिन मिळाला, वॉर्ड मिळेना

मिरजेहून निघताना आत्या म्हणाली होती, "नर्स कुठं उपाशी राहत नाही गं." तिचा सगळा जन्म सरकारी दवाखान्यात गेलेला. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये बी.एस्सी. नर्सिंगला आले तेव्हा मीही तेच धरून चालले होते. तिथं नर्स कमी आहेत, म्हणजे नोकरी ठरलेलीच.

कोर्समध्ये २,३०० तास थिअरी आणि २,३०० तास प्लेसमेंट, म्हणजे वॉर्डवरचं प्रत्यक्ष काम. प्लेसमेंटला पगार नसतो. शेवटच्या वर्षी जानेवारीपासूनच बँड ५ च्या, म्हणजे नव्या नर्सच्या पगारश्रेणीतल्या, जागांसाठी अर्ज सुरू केले. जाहिरातीखाली लिहिलेलं असायचं, पुरेसे अर्ज आले तर मुदतीआधी बंद करू. शुक्रवारी रात्री दिसलेली जागा सोमवारी गायब! वर्गातल्या इंग्लिश मुलींनाही नकार येत होते. रुग्णांना नर्स हव्यात हे खरं, पण पैसे मंजूर असलेली जागा निघणं ही निराळी गोष्ट, हे तेव्हा कळलं.

माझ्या अर्जात आणखी एक प्रश्न होता, स्पॉन्सरशिप, म्हणजे वर्क व्हिसासाठी नोकरी देणाऱ्याची हमी, लागेल का? मी 'हो' लिहायचे. सत्तावीस अर्जांतून एकच मुलाखत आली, तीही गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं नव्या नर्ससाठी 'ग्रॅज्युएट गॅरंटी', म्हणजे नोकरीची हमी देणारी योजना, जाहीर केली. आमच्या भागात तरी मला लगेच काही फरक दिसला नाही. त्या महिन्यात घरी फोन करायचंही टाळत होते.

वाट दाखवली ती वॉर्डवरच्या केरळच्या एका सिस्टरनं. ती म्हणाली, ग्रॅज्युएट व्हिसा घे, दोन वर्षं स्पॉन्सर लागत नाही. पण विद्यापीठानं कोर्स पूर्ण झाल्याचं होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या खात्याला, कळवल्याशिवाय तो अर्ज करता येत नाही, आणि तोवर स्टुडंट व्हिसा संपू द्यायचा नाही. माझ्या विद्यापीठानं कळवायला इतका वेळ लावला की मी रोज ईमेल टाकत होते. तेव्हा व्हिसाची फी ८८० पाउंड होती, वर सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५, म्हणजे दोन वर्षांचे मिळून एकूण २,९५०. बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. नोकरी देणाऱ्यानं थेट हेल्थ अँड केअर व्हिसासाठी (आरोग्यसेवेतल्या कामाचा व्हिसा) स्पॉन्सर केलं असतं तर सरचार्ज लागला नसता, याचं अजून वाईट वाटतं. एनएमसीच्या, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या, नोंदणीचे तेव्हा १२० पाउंड वेगळे. ते भरल्यावर काही दिवसांनी पिन, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीचा क्रमांक, आला. ईमेल तीनदा वाचला.

मग जिथं शेवटची प्लेसमेंट केली त्या वृद्धांच्या वॉर्डच्या मॅनेजरना जाऊन भेटले. हे मी फेब्रुवारीतच करायला हवं होतं. त्यांनी माझं काम पाहिलं होतं. जागा निघणार असल्याचं त्यांनी सांगितलं, अर्ज मात्र सगळ्यांसारखाच केला. आधी औषधांच्या डोसची गणितं, मग मुलाखत. रुग्णाची तब्येत किती खालावलीय ते सांगणारा न्यूज२ स्कोअर ७ आला तर काय कराल? मी ऑक्सिजन, तातडीची टीम, निरोप कसा द्यायचा, सगळं क्रमानं सांगितलं. मागच्या हिवाळ्यात एका आजीबाईंच्या बाबतीत ते डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून आवाज कापला नाही.

जागा मिळाली. २०२५-२६ मध्ये बँड ५ चा सुरुवातीचा पगार वर्षाला ३१,०४९ पाउंड होता. आत्याला सांगितलं तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "रात्रपाळी किती?"

व्हिसा २०२७ मध्ये संपेल. पुढच्या स्पॉन्सरशिपचं मॅनेजरना पहिल्याच महिन्यात विचारून ठेवलंय. लेखी उत्तर अजून यायचंय.