आमची वाटचाल : सल्ल्याऐवजी प्रश्न
आमची संस्था सुरू झाली ती प्रशिक्षण देण्यासाठी. संवादकौशल्य, वेळेचं नियोजन, नेतृत्व हे आमचे विषय. सत्रं रंगायची. पण मधल्या सुट्टीत कुणीतरी हमखास बाजूला घेऊन विचारायचं, ‘आमच्या दोन विभागांचं अजिबात जमत नाही, काय करू?’ अशा प्रश्नाला तयार अभ्यासक्रम नसतो. आणि खरं काम तर तिथेच अडलेलं असतं.

त्यातूनच आम्ही अ‍ॅक्शन लर्निंगकडे, म्हणजे कामातल्या खऱ्या अडचणींवर गटात प्रश्न विचारत शिकण्याकडे वळलो. ही पद्धत रेग रेव्हन्स यांची. मूळचे पदार्थवैज्ञानिक असलेल्या रेव्हन्स यांनी १९४०च्या दशकात ब्रिटनमधल्या कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना लहान गटांत बसवलं आणि एकमेकांच्या अडचणींवर प्रश्न विचारायला लावलं. कोडं आणि समस्या यांत ते फरक करत. कोड्याला बरोबर उत्तर असतं, ते तज्ज्ञ देतो. समस्येवर मात्र जाणती माणसंही वेगवेगळे मार्ग सुचवतात. हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो. कोडं घेऊन आलेल्यांना आम्ही सरळ तज्ज्ञाकडे पाठवतो.

आमच्या गटात चार ते आठ जण असतात, शक्यतो वेगवेगळ्या विभागांतले. एक जण आपली अडचण थोडक्यात मांडतो, बाकीचे प्रश्न विचारतात. विधान करायचं ते फक्त प्रश्नाच्या उत्तरादाखल. गटाची बैठक चालवणारा कोच स्वतःचं मत देत नाही, मात्र चर्चा केव्हाही थांबवू शकतो. थोड्या वेळाने तो प्रत्येकाला मूळ समस्या कागदावर लिहायला सांगतो. सगळ्यांचं सारखं निघालं, असं पहिल्या फेरीत क्वचितच होतं!

एका कारखान्याचे उत्पादनप्रमुख म्हणाले, माल वेळेवर जात नाही, माणसं कमी पडतात. लेखा विभागातल्या एका बाईंनी विचारलं, ‘ग्राहकाला तारीख कोण देतं?’ तारीख विक्री विभाग देत होता, तीही मशीनचं वेळापत्रक न पाहता. ‘का?’ कारण त्यांचा बोनस ऑर्डरींच्या संख्येवर ठरायचा. माणसं वाढवून हे सुटणार नव्हतं. उत्पादनप्रमुखांनी एकाच उत्पादनापुरतं ठरवलं की तारीख दोन्ही विभागांनी मिळून द्यायची. पुढच्या बैठकीत विक्रीवाले नाराज ग्राहकांची अडचण घेऊन आले. मग त्यावर प्रश्न सुरू झाले आणि बोनसचा विषय थेट मालकांपर्यंत गेला.

म्हणूनच काम घेण्याआधी आम्ही वरिष्ठांना विचारतो, गटाने ठरवलेलं करून बघायची मुभा द्याल का? निर्णय आधीच झाला असेल आणि फक्त संमती हवी असेल, तर आम्ही नाही म्हणतो. त्यात काही कामं हातची गेली, तरी ही अट आम्ही सोडलेली नाही.

सध्या आम्ही कंपन्यांतल्याच लोकांना कोच म्हणून तयार करतो. उत्तर ठाऊक असूनही गप्प राहणं त्यांना सगळ्यात जड जातं, विशेषतः अनुभवी माणसांना. त्यामुळे सुरुवातीला त्यांना आम्ही त्यांच्या विभागाबाहेरच्या गटांवरच बसवतो.